किल्ल्याला कसलं सुतक?

चैत्रात आमच्या जिल्ह्यात फिरायला या, असं कुणी शहाणा माणूस कुणाला सांगणार नाही. मोबाईलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत आमचा धाराशिव जिल्हा कायम हिरवागार असतो. नळदुर्गच्या किल्ल्यातून पाण्याचे दोन लोट कोसळत असतात, रामलिंगच्या दरीत धुकं उतरलेलं असतं आणि छत्रीवाली एखादी पोरगी गर्रकन वळून हसते. खाली लिहिलेलं असतं, ‘भेट देण्याचा उत्तम काळ : जुलै ते ऑक्टोबर.’ ती ओळ वाचली की माझं डोकं फिरतं. उत्तम काळ कुणासाठी, हे लिहायला ती माणसं दरवेळी विसरतात.

काल दुपारी शाळेतून आले तर दारातल्या लिंबाखाली बारीक फुलांचा सडा पडला होता. चपलेखाली तो चुरडला, गोडसर-कडवट वास आला, आणि कॅलेंडर न बघता कळलं की चैत्र भरात आलाय. पर्स खुंटीला लावते न लावते तोच भावकीच्या ग्रुपवर माझ्या धाकट्या भावाचा, विलासचा निरोप येऊन पडला. ‘आईचं वर्ष व्हायचं आहे. यंदा आपल्या घरातून येरमाळ्याच्या यात्रेला कुणी जाणार नाही. सर्वांनी नोंद घ्यावी.’ त्याखाली एकामागून एक अंगठे. चुलत भावांचे, त्यांच्या पोरांचे, पुण्याला राहून वर्षानुवर्षं यात्रेला न आलेल्या पुतण्याचासुद्धा. जायचंच नसलेल्या माणसाला न जाण्याचा नियम फार आवडतो.

आई मार्गशीर्षात गेली. शेवटपर्यंत तिचं डोकं ताळ्यावर होतं आणि जीभ तर त्याहून ताळ्यावर होती. तो निरोप तिनं वाचला असता तर काय म्हणाली असती, ते मला ऐकूच आलं. आणि त्याबरोबर आठवला तो दुसरा चैत्र. काही वर्षांपूर्वीचा, बाबा गेले त्या साली आलेला. पाणी आटलेला, रानं उघडी पडलेला, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात भरलेला उन्हाळा.

आमचं गाव इथल्याच, धाराशिवातल्या वाशीपासून जवळ. येरमाळ्याच्या डोंगरावर येडेश्वरीचं देऊळ आहे, आम्ही तिला येडाई म्हणतो. चैत्री पौर्णिमेला तिची जत्रा भरते. दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगर उतरून आमराईकडे निघते, आणि त्या वाटेवर चुन्याचं रान लागतं. रान म्हणजे काळ्या मातीचं साधं शेत. पण त्या काळ्याभोर ढेकळांत पांढरे खडे असतात, चुनखडीचे. ते वेचायचे आणि एका जागी ढिगावर टाकायचे. म्हणतात, त्याच चुन्यानं पुढं देवीच्या देवळाला पांढरा हात फिरतो. आमच्या घरात माणशी पाच खडे, अशी रीत. उन्हाचा डोंब उसळलेला असतो आणि त्या रानात नजर पोचेल तिथवर माणसं वाकलेली असतात. पांढरी टोपी, पोपटी लुगडं, जीनची पँट, पोलिसाची खाकी, सगळ्यांच्या पाठी एकाच उंचीला आलेल्या. हलगी कडाडत असते, ‘आई राजा उदो उदो’ चाललेलं असतं, आणि कुणाचं डोकं वर नसतं. एरवी वर्षभर एकमेकांच्या बांधावरून भांडणारे लोक तिथं एकमेकांच्या पायाजवळचा खडा बिनदिक्कत उचलतात.

आईचा यात एक कडक नियम होता. ज्याचे खडे त्यानं वेचायचे. “मेल्याचे अन् आजाऱ्याचे तेवढे दुसऱ्यानं टाकावेत,” ती म्हणायची. “ज्याची कंबर वाकती त्यानं आपली आपण वाकवावी.” लहानपणी आम्ही कंटाळून तिच्या ओच्यातले खडे पळवायला गेलो की ती हातावर चापट मारायची.

बाबांचा दमा वाढला त्या साली ते रानात आले, पण वाकू शकले नाहीत. आमराईच्या कडेला एका बाभळीखाली बसले. आईनं त्यांचे पाच खडे वेचून त्यांच्या तळहातावर ठेवले आणि दंडाला धरून त्यांना ढिगापर्यंत नेलं. त्यांनी खडे टाकले, खोकले, आणि म्हणाले, “पुढल्या साली म्या नसलो तर माझे बी तूच टाक.” आई म्हणाली, “गप बसा. उसाचा रस पिता का?” आमच्याकडं प्रेम असंच बोलतात. पुढच्या पौषात बाबा गेले.

तेराव्याच्या दिवशी सगळं आटोपल्यावर आबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावानं, ओसरीवर बसून दुखवट्याच्या सालाचे नियम सांगितले. आबा तसे दुष्ट नव्हते. पण भावकीतला वडील माणूस म्हणून आपण बोललो नाही तर आभाळ खाली येईल, अशी त्यांची समजूत होती. सण नाही, गोडधोड नाही, देवाची पायरी नाही. “अन् येरमाळ्याचं तर नावच काढायचं न्हाय,” त्यांनी मुद्दाम आईकडं बघून सांगितलं. आई पदर पुढं ओढून खांबाला टेकून बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हरभरा उपटायला रानात होती. हरभरा वाळून कडक झाला होता, घाटे फुटायला लागले होते, थांबून चालणार नव्हतं. आबांची सून बोलवायला आली होती आणि आबांच्याच रानात पहिली पात धरली गेली. त्यानंतर ज्वारीची काढणी, मोडणी, मग मळणी. डोळ्यांत पाणी आणि हातात कणसं, असे तिचे दीड-दोन महिने गेले. या कामांना सुतक आहे का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, हे खरं.

फाल्गुनात रानं मोकळी झाल्यावर मी तिला धाराशिवला माझ्याकडं घेऊन आले. माझ्या दोन खोल्यांच्या घराच्या मागच्या खिडकीतून बालाघाटाच्या उघड्या टेकड्या दिसतात. ती दिवसभर त्या खिडकीत बसायची. मला तिची काळजी वाटायला लागली होती. एका दुपारी तिनं विचारलं, “तिकडं डोंगरात काय हाय गं?”

“लेणी आहेत. जुनी.”

“देऊळ हाय का?”

“देऊळ नाही. डोंगरात कोरलेल्या खोल्या.”

“मग चल की.”

“आई, दुखवट्याचं साल आहे. आबांना कळलं तर?”

ती माझ्याकडं वळली. तेरावं झाल्यापासून पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत मला ती जुनी चमक दिसली. “आबा काय म्हणले? देवाची पायरी चढायची न्हाय. लेण्याला, किल्ल्याला कसलं सुतक?”

मी स्कूटी काढली. हेल्मेट घालायला ती तयार झाली, पण हेल्मेटवरून पदर घ्यायचाच, हा तिचा हट्ट. “मयताच्या सालात डोक्यावरचा पदर पडला म्हणून येगळं ऐकावं लागंल,” ती म्हणाली. तेव्हा आमची वरात अशी निघाली : पुढं मी, मागं हेल्मेटवर गडद हिरवा पदर घेतलेली, माझ्या खांद्याला घट्ट धरलेली माझी आई. सिग्नलवर एक पोरगं बघून हसलं. आई हेल्मेटच्या आतून त्याला म्हणाली, “दात पडतील.”

लेण्यांत उतरताना ऊन पाठीवर होतं, आत पाऊल टाकल्यावर एकदम गार लागलं. आतल्या अंधाराला डोळे सरावले आणि समोर नागफण्याखाली बसलेली भली मोठी मूर्ती दिसली. आई जागच्या जागी थबकली.

“अगं, ह्यो देव हाय की.”

“आहे. पार्श्वनाथ.”

तिनं थोडा विचार केला. मी मनात म्हटलं, संपलं, आता परत फिरायचं. ती म्हणाली, “पण ह्यो आपल्या भावकीतला न्हाय. ह्याला आपलं सुतक कोण सांगायला गेलंय?” आणि खुशाल आत जाऊन एका खांबाला पाठ लावून बसली. खूप वेळ छताकडं बघत होती. छिन्नीचे वळ तिनं बोटांनी चाचपून पाहिले. “हे कोरणाऱ्यांच्या घरात बी कुणी ना कुणी मेलंच असंल,” ती म्हणाली. “तरी कोरतच ऱ्हायले.” मलाही तिथं बसून बरं वाटत होतं.

मग आम्हाला चटकच लागली. शाळा सकाळची झाली होती, दुपारी मी मोकळी. रविवारी लांबचं. परंड्याला एसटीनं गेलो. भुईकोट किल्ला, भोवती खंदक, आत कडक ऊन आणि माणूस नाही काणूस नाही. वाळलेल्या गवतातून सरडे पळत होते. आई एका लांबलचक तोफेवर टॉवेल घालून बसली आणि तिनं भाकरी सोडली. शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि बाबांना आवडायचं म्हणून केलेलं पिठलं. तेवढ्यात राखणदार आला, “मावशी, तोफेवर बसायचं नसतं.” “उठते बाबा,” आई म्हणाली, “माझ्या वजनानं उडती का काय ती?” तो हसला. नंतर भाकरी खायला आमच्यात सावलीत येऊन बसला. त्याआधी मी आईचा तोफेवरचा फोटो काढला होता. हनुवटी वर, हातात भाकरीचा तुकडा. मला तो इतका आवडला की मी स्टेटसला ठेवला. त्या फोटोनं पुढं गावात स्फोट केला, तोफेनं केला नसता असा.

नळदुर्गला मात्र स्कूटीवरच जायचं, असं तिनं ठरवलं होतं. वाटेत तुळजापूर लागतं. आमच्याकडच्या बाईनं तुळजापुरावरून जावं आणि भवानीच्या पायाशी न जाता पुढं निघावं, हे सोपं नाही. घाटातून देवळाची शिखरं दिसायला लागली तेव्हा तिचे हात माझ्या खांद्यावर आवळले. कवड्यांच्या माळा, हळदीकुंकवाचे ढीग, परड्या घेतलेल्या बाया, सगळं दोन्ही बाजूंनी सरकत गेलं. मी गाडी हळू केली. ती म्हणाली, “थांबू नगं. तिला म्हाईत हाय म्या आज दुसऱ्या कामाला चालले.”

नळदुर्गच्या महामार्गावर ट्रकांच्या धुरात गूळ घातलेला चहा प्यालो आणि किल्ल्यात शिरलो. दारावरच्या माणसानं आमच्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. “ह्या दिवसांत काय बघणार तुमी? नर-मादी, दोन्ही धबधबे कोरडे हायत. पावसाळ्यात यायचं.”

“पावसाळ्यात माझं सोयाबीन कोण खुरपील?” आई म्हणाली. “तू येतू का?”

इतकी वर्षं मी या जिल्ह्यात शिकवते, पोरांच्या सहली नेते, आणि आपल्या जिल्ह्यातल्या निम्म्या बायांना हा धबधबा कधीच का दिसत नाही, हा प्रश्न मला पडला नव्हता. पाणी कोसळायला लागतं तेव्हा त्या तणात वाकलेल्या असतात. त्यांचं रान मोकळं होतं तेव्हा धबधबा कोरडा असतो. ‘उत्तम काळ : जुलै ते ऑक्टोबर.’ त्या ओळीवरचा माझा राग तिथून सुरू झाला.

किल्ल्याच्या आत बोरी नदीला घातलेला तो दगडी बंधारा आणि त्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल. पावसाळ्यात याच्या अंगाखांद्यावरून पाणी वाहतं आणि आत उभं राहिलेल्या माणसावर थेंब पडत नाही, असं मी तिला सांगितलं. तिनं ते ऐकलं, मान हलवली, आणि वाकून बाहेर बघितलं. जिथून दोन लोट पडतात तिथं दगडावर वाळलेल्या शेवाळाचे काळपट पट्टे होते. खाली डबक्यात हिरवं पाणी आणि त्यात एक बगळा. तिनं हात पोचला तिथवरचा दगड चाचपला.

“गुळगुळीत झालाय,” ती म्हणाली. “पाणी दिसलं असतं तर दगड दिसला नसता.”

नंतर ती सगळ्यात उंच बुरुजाच्या पायऱ्यांकडं निघाली. पायऱ्या उभ्या आहेत, ऊन मी म्हणत होतं, आणि तिचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. मी अडवायला गेले. “ज्वारी काढताना गुडघं कुणी इचारलं न्हाईत,” ती म्हणाली आणि लुगडं खोचून चढली. मधे दोनदा बसली. वर पोचल्यावर वारा असा आला की हेल्मेटखाली दिवसभर घामेजलेले तिचे केस सुटले, पदरही खांद्यावर आला, आणि तिनं तो पुन्हा डोक्यावर घेतला नाही.

खाली उघडी काळी रानं, महामार्गावर मुंगीएवढे ट्रक, नदीची वाळलेली वाट. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग रडली. मोठ्यानं, हातानं तोंड न झाकता. तेराव्याला भावकीसमोर ती अशी रडली नव्हती.

“तुझा बाप लगीन झाल्यापसून म्हणायचा, सुमन, पावसाळ्यात तुला नळदुर्ग दाखवतो. दर पावसाळ्याला काम निघायचं. मग म्हणायचा, पुढल्या पावसाळ्यात. पुढल्या पावसाळ्यात म्हणता म्हणता माणूस गेला.” तिनं नाक पुसलं. “आता म्या कशाची वाट बघत न्हाय. कोरडा तर कोरडा.”

मी तिच्याजवळ बसले. तिचा हात हातात घेतला, तो तापलेला होता. त्या क्षणी मला माझ्या आईचा फार अभिमान वाटला.

दुसऱ्या एका दिवशी येडशीजवळ रामलिंगच्या जंगलात उतरलो. महादेवाच्या देवळात ती गेली नाही, शब्द म्हणजे शब्द. पण तिथं जटायूची समाधी आहे. रावण सीतेला घेऊन चालला तेव्हा जटायू इथंच त्याच्याशी झुंजला, असं आमच्याकडं मानतात. “समाधीला सुतक लागत न्हाय, ती मेल्याचीच असती,” असा निकाल देऊन ती तिथं टेकली. माकडांनी आमच्या पिशवीतली केळी पळवली. आई त्यांना हाका मारून शिव्या देत होती आणि मधेच समाधीकडं बघून म्हणाली, “म्हातारा होता बिचारा. जिंकला न्हाय. पण आडवा तर आला.”

पौर्णिमा चार-पाच दिवसांवर आली तेव्हा आबा विलासला घेऊन माझ्या दारात उभे राहिले. आईनं पदर सारखा केला, पाणी दिलं. विलास माझ्याकडं बघेना. आबांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला.

“तोफंवर बसलेला फोटू बघितला सगळ्या गावानं. किल्लं बघितले, लेणी बघितली, म्या काय बोललो न्हाय. पण आता येरमाळ्याला पाय ठिवायचा न्हाय, सुमन. गेलीस तर भावाच्या वर्षश्राद्धाला भावकीचा एक माणूस ताटावर बसणार न्हाय. सांगून ठिवतो.”

ही धमकी साधी नव्हती. वर्षश्राद्धाला पंगत रिकामी राहणं म्हणजे मेलेल्या माणसाचा अपमान. ज्या बाबांसाठी आईला पाच खडे टाकायचे होते, त्यांच्याच नावाची पंगत आबा उठवायला निघाले होते. आई जमिनीकडं बघत होती. विलास म्हणाला, “आई, पुढल्या साली टाक की. देव कुठं पळून चाललाय?”

“पुढल्या साली,” आई हळूच म्हणाली. तो शब्द तिला कुठं लागला, ते खोलीत फक्त मला माहीत होतं.

मग ती उठून उभी राहिली. आबांसमोर ती उभ्यानं बोललेली मी त्याआधी पाहिली नव्हती. “आबा, तुमी वडील हाव. तुमचा शब्द म्या मोडत न्हाय. डोंगर चढणार न्हाय, पायरी शिवणार न्हाय, पालखीला हात लावणार न्हाय. म्या रानात जाणार हाय.”

“कसलं रान?”

“चुन्याचं. रानच हाय ना ते? तेरावं झालं अन् दुसऱ्या दिशी तुमच्या रानात म्या हरभरा उपटला. ज्वारी काढली. रानात खाली वाकून येचायचं काम करताना मला दुखवट्याचं साल हाय, हे तवा कुणाला दिसलं न्हाय. मग ह्या रानात वाकल्यावर कसं दिसंल?”

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “बाईच्या तोंडाला लागत न्हाय म्या,” असं म्हणून ते उठले. विलास त्यांच्या मागं गेला. जाताना त्यानं एकदा मागं वळून पाहिलं.

गेलो आम्ही. पहाटेच निघालो, रस्ता माणसांनी, टेम्पोंनी, बैलगाड्यांनी भरलेला. डोंगराकडं तिनं मान वर करून पाहिलं आणि तशीच पुढं चालत राहिली. चुन्याच्या रानात शिरल्यावर तिनं चपला काढल्या. ढेकळं चटके देत होती. ती वाकली आणि शोधायला लागली, एरवी घेते तसा हाताला येईल तो खडा नाही, निवडून, पांढरेशुभ्र. पाच झाल्यावर ढिगाजवळ गेली. “घ्या,” ती म्हणाली, बाबांना वाढलेलं ताट पुढं सरकवताना म्हणायची तसंच. मग पुन्हा रानात येऊन स्वतःचे पाच वेचले. भोवती हजारो माणसं होती आणि एकानंही विचारलं नाही की बाई, तुझ्या घरात कुणी मेलंय का. नंतर आम्ही त्या बाभळीखाली बसून उसाचा रस प्यालो. ती दोन ग्लास प्याली.

वर्षश्राद्धाला आबा आले नाहीत. भावकीतले बाकी पुरुषही आले नाहीत. बारा वाजून गेले, पत्रावळ्या तशाच मांडलेल्या, आई चुलीपुढून हलेना. मला वाटलं, हरलो. मग मागच्या दारानं माझ्या एका चुलत काकू आल्या. मग दुसऱ्या. मग आबांची सून, पोरीला कडेवर घेऊन. बघता बघता बायकांचीच पंगत बसली. जेवता जेवता आबांच्या सुनेनं आवाज खाली करून विचारलं, “काकी, त्या पाणीमहालात आतपतोर जाता येतं म्हणं?”

“येतं की,” आई तिच्या पानात भात वाढत म्हणाली. “पण उन्हाळ्यात.”

त्यानंतर दर उन्हाळ्याला, रानं मोकळी झाली की, आमच्या भावकीतल्या बायकांची एक जीप निघायची. तेरला, परंड्याला, नळदुर्गला. कोरडे धबधबे बघायला. येताना कुंथलगिरीचे पेढे. आबांनी शेवटपर्यंत त्या जीपकडं न पाहिल्यासारखं केलं. ते गेले तेव्हा त्यांच्या नावाचे पाच खडे त्यांच्या सुनेनं टाकले, त्याच चैत्रात, वर्ष व्हायच्या आत. कुणी तिला अडवलं नाही. म्हणजे मला वाटलं होतं की हे भांडण आईनं एकदाचं संपवलं. पण अशी भांडणं संपत नाहीत. एक माणूस गेलं की नियम पुन्हा ओसरीवर येऊन बसतात, आता तर मोबाईलमधून येतात, आणि त्यांना अंगठे मिळतात.

शेवटच्या चैत्रात आईला वाकता येत नव्हतं. मी तिचे खडे वेचून तिच्या हातावर ठेवले. तिनं एक खडा मला परत दिला, “ह्यो मळकाय, दुसरा आण.” बाबांनी म्हटलं होतं तसलं काही ती म्हणाली नाही. तिला सांगायची गरज वाटली नसावी.

काल रात्री विलासच्या निरोपाला मी उत्तर दिलं नाही. आज पौर्णिमेचा दुसरा दिवस. पहाटे स्कूटी काढली. तिचं हेल्मेट मागं अडकवलेलंच असतं, ते काढवत नाही. येडशीच्या पुढं टेकड्यांवर पवनचक्क्या सावकाश फिरत होत्या. मी डोंगराकडं बघितलं, पायऱ्या चढले नाही. शब्द म्हणजे शब्द, तो मी दिलेला नसला तरी. चुन्याच्या रानाच्या कडेला चपला काढल्या. ढेकळांनी तळव्यांना चटका दिला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. आई, तू का नाहीस गं इथं. असं मोठ्यानं म्हटलं मी, हलगीत कुणाला ऐकू आलं नाही.

तिचे पाच निवडून वेचले, एकही मळका नाही. ढिगावर टाकले. माझ्या स्वतःच्या खड्यांसाठी पुन्हा वाकले, तेवढ्यात फोन वाजला. विलास.

“ताई, कुठंयस?”

“रानात हाय.”

माझ्यामागं हलगी कडाडत होती, ‘उदो उदो’ चालू होतं, ते सगळं त्याला गावात बसून ऐकू जात असणार. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग तो म्हणाला, बारीक आवाजात, लहानपणी ओच्यातले खडे पळवायचा तेव्हाच्या, “ताई, माझे बी पाच टाक ना.”

“पालखी अजून डोंगरावरच हाय,” मी म्हटलं. “तुझे तू येऊन येच.”